धोक्याच्या रेघेखाली चार बोटं

नदी मोजायची नोकरी होती असं सांगितलं, की समोरचा माणूस आधी माझ्याकडं बघतो आणि मग दयेनं माझ्या बायकोकडं. लग्न ठरवताना रहिमतपूरच्या माझ्या सासऱ्यांनी सरळ विचारलं होतं, "पाण्याच्या खात्यात म्हणजे नळ सोडता का?" मी म्हणालो, नाही, नदीतून किती पाणी गेलं ते मोजतो. "मोजून झालं की?" वहीत लिहितो. "आणि मग?" वही वर पाठवतो. सासरे बराच वेळ पान चघळत बसले. शेवटी पेन्शन आहे एवढ्यावर त्यांनी मुलगी दिली.

त्यातून माझ्या वाट्याला आली येरळा. साताऱ्याच्या पूर्वेच्या कोरड्या माळावर उगवते, सांगली जिल्ह्यात येऊन कृष्णेला मिळते. वर्षातले सात-आठ महिने तिच्या पात्रात वाळू, बाभळी आणि शेळ्या असतात. पण नदीत पाणी नाही म्हणून मोजणी थांबत नाही. रोज तीन वेळा जायचं, बघायचं आणि 'शून्य' लिहायचं. माझी निम्मी नोकरी शून्य मोजण्यात गेली, आणि छाती ठोकून सांगतो, त्यात एकदाही चूक झाली नाही.

आमचं केंद्र कुंडलच्या अलीकडं एका गावाच्या पुलावर होतं. गावाचं नाव सांगत नाही. गाव आधीच माझ्यावर रागावलेलं आहे. पुलाच्या खांबावर मीटर-सेंटिमीटर रंगवलेली एक उभी पट्टी. पाणी कुठल्या आकड्याला टेकलं ते बघायचं, म्हणजे पातळी कळली. मग बोटीनं मधोमध जाऊन वाट्यावाट्यांचं एक यंत्र पाण्यात सोडायचं. वाट्या किती गरगरतात त्यावरून वेग कळतो. नदीची रुंदी, खोली आणि वेग हाताशी आला की किती पाणी चाललंय त्याचा हिशेब लागतो. दहा-वीस वेगवेगळ्या पातळ्यांना असं मोजून ठेवलं, की पुढं नुसती पट्टी बघून पाणी सांगता येतं. सगळी मेख त्या बोटीत होती. आमची बोट उत्तम अवस्थेत होती. तिला एक ओरखडा नव्हता, कारण ती गोदामातून कधी बाहेरच पडली नव्हती.

पट्टी वाचायला बाळूतात्या होता. माणदेशातल्या मेंढरं राखणाऱ्या घरातला, आभाळाकडं बघून पाऊस सांगणारा, आणि कागदाला सापापेक्षा जास्त भिणारा. मी त्याचा साहेब. म्हणजे पुस्तकातलं मला यायचं आणि बाकीचं सगळं त्याला.

नोकरीतल्या पहिल्या मोठ्या पुरात मी फार मोठी चूक केली: खरं लिहिलं. धोक्याची पातळी सात मीटर होती. साडेसहा मीटरला पुलाकडं जाणारा रस्ताच पाण्याखाली जातो, म्हणून मी आणि तात्या टेकाडावर उभं राहून दुर्बिणीनं पट्टी वाचत होतो. पाणी सातच्या वर गेलं, मी तसं कळवलं. सात ओलांडलं की नियमाप्रमाणं बोटीनं जाऊन मोजणी करावी लागते, आणि केली नसेल तर का केली नाही याचा खुलासा द्यावा लागतो. पहिली गोष्ट करणाऱ्याचं तेरावं घालावं लागलं असतं. म्हणून मी दुसरी केली. खुलासा गेला, त्यावर मेमो आला, मेमोवर पुन्हा खुलासा. नदी चार दिवसांत उतरली, कागद आठ महिने चढत होता.

पुढच्या पुराला मी पेन उचललं तेव्हा तात्या हळूच म्हणाला, "सायब, एक सांगू का? नदीला रेघंच्या खाली चार बोटं ठिवा."

"म्हणजे?"

"म्हंजी सहा ब्याण्णव लिवा. आपुन बी सुखी, वरचं सायब बी सुखी. नदी काय वही वाचाया येतीय व्हय?"

तेव्हापासून आमची येरळा फार शिस्तीची नदी झाली. पूर आला की चढायची, सात मीटरच्या खाली चार बोटं येऊन थांबायची, जरा श्वास घ्यायची आणि आली तशी उतरायची. साडेसहानंतर पट्टीजवळ कोणी जाऊ शकत नव्हतं, त्यामुळं तपासणार कोण? दुर्बिणीवर आम्ही कापड घातलं आणि घरी बसून सुबक चढ-उतार लिहायला लागलो. इतके सुबक, की खात्यानं मला 'अखंड व सलग नोंदीबद्दल' प्रशस्तिपत्रक दिलं. बायकोनं ते देवघराशेजारी टांगलं.

तात्या निवृत्त झाला आणि त्याची जागाच रद्द झाली. त्याच्याऐवजी पुलावर आपोआप मोजणारं यंत्र बसवलं. पंधरा दिवसांत त्याची बॅटरी गायब झाली. यंत्र अजून आहे, त्यात साळुंक्या राहतात. मग वरच्यांनी विचार केला, की जमिनीवरची माणसं भरवशाची नाहीत, जमिनीवरची यंत्रं टिकत नाहीत, तर आता आभाळातूनच मोजावं. उंटावरून शेळ्या हाकतात हे ऐकून होतो. हे त्याच्याही वर गेले.

हे काम घेऊन पुण्याहून ऋचा मॅडम आल्या. माझ्या मुलीच्या वयाची हुशार पोरगी, पाठीवर लॅपटॉपची पिशवी, मला 'काका' म्हणणारी. तिनं मला जे समजावलं ते मला समजलं तेवढं सांगतो. उपग्रह वरून नदीचे फोटो काढतो. ढग असले तर रडारनं काढतो, त्याला ढगाची अडचण नाही. फोटोत नदी किती रुंद दिसते ते मोजायचं, वर पाऊस किती पडला ते घ्यायचं, जमिनीचा उतार घ्यायचा, आणि हे सगळं कॉम्प्युटरच्या मॉडेलमध्ये घातलं, की किती पाणी चाललंय आणि उद्या कुठवर चढेल ते तो सांगतो.

"नुसतं रुंदी बघून पाणी कसं कळतं?" मी विचारलं.

"नाही कळत, काका. त्याला आधी शिकवावं लागतं. इतकी रुंदी होती तेव्हा खरी पातळी किती होती, त्याच्या जुन्या नोंदी दाखवायच्या. त्यावरून तो शिकतो." मग तिनं हसून बॉम्ब टाकला. "आणि तुमची नोंद सगळ्यांत सलग आहे. एक रकाना रिकामा नाही! येरळेचं मॉडेल आम्ही तुमच्याच वहीवर शिकवलंय."

चोराच्या मनात चांदणं. मी म्हणालो, "कर्तव्य केलं." आणि तिला आणखी एक भजं वाढलं.

खोटं कशाला बोलू, पहिल्या पावसाळ्यात मला मजाच आली. एकदा तिचा फोन आला, "काका, नदीकाठी पाणी दिसत नाही, फोटोत सगळं कोरडं आहे." मी उसाच्या बांधावर गुडघाभर पाण्यात उभा होतो. म्हणालो, "मॅडम, तुमच्या उपग्रहाला उसाचे शेंडे दिसतायत. शेंडे कोरडेच आहेत. बुडख्यात माझे पाय आहेत, ते बघा दिसतात का." तिनं प्रामाणिकपणे ते लिहून घेतलं आणि पुढच्या वेळेपर्यंत सुधारलं. चूक सांगितली की सुधारणारं माणूस मी खात्यात प्रथमच बघत होतो. तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. पण निवृत्तीला थोडे दिवस राहिलेले, भिंतीवर प्रशस्तिपत्रक, आणि हात दाखवून अवलक्षण करून घ्यायची हौस कोणाला असते?

मग निवृत्तीच्या दोन महिने आधी पूर आला. वर खटावकडं दोन दिवस धो धो पडत होता. नेहमी येरळा दोन दिवस घेऊन चढते, लोकांना सामान उचलायला वेळ मिळतो. या वेळी पाणी एका रात्रीत येणार हे मलाही कळत होतं. किती येणार, एवढाच प्रश्न होता. खाली मळीवर, म्हणजे नदीकाठच्या सखल काळ्या रानात, तीसेक घरांची वस्ती आहे. ती हलवायची का, हे तहसीलदारसाहेब मॉडेल बघून ठरवणार होते. ट्रक थोडे, आणि कृष्णाकाठची गावंही ते मागत होती.

दुपारी बाराला सगळ्यांच्या फोनवर संदेश आला. येरळा उद्या पहाटेपर्यंत सहा मीटर ब्याण्णवपर्यंत चढेल आणि नंतर उतरेल. मळी वस्तीस धोका नाही. ट्रक कृष्णाकाठी रवाना झाले.

सहा ब्याण्णव! एवढा मोठा उपग्रह, पुण्यातला तो थंडगार खोलीतला कॉम्प्युटर, आणि त्यातून बाहेर पडला बाळूतात्या. कॉम्प्युटरची काय चूक? आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? त्यानं पोरानं बापाचं उचलावं तसं माझं सगळं मनापासून उचललं होतं. नदी रेघेखाली चार बोटं थांबते म्हणजे थांबते.

मी लगेच फोन उचलला, असं लिहायला मला फार आवडलं असतं. मी आधी चहा केला. मग दुसरा केला. कदाचित या वेळी खरंच सहा ब्याण्णव येईल, असं स्वतःला समजावलं. पेन्शनचा विचार केला, जावयाचा केला, प्रशस्तिपत्रकाकडं बघितलं. यात एक तास गेला. हा तास लक्षात ठेवा, मी विसरू शकलेलो नाही.

एक वाजता फोन लावला. "मॅडम, ते सहा ब्याण्णव चूक आहे."

"कशावरून, काका?"

"ते मी लिहिलेलं आहे. घरी बसून."

तिनं हळू आवाजात विचारलं, "किती पुरांची नोंद अशी आहे?"

"पहिला सोडला तर सगळ्यांची. पण शून्य सगळे खरे आहेत, मॅडम."

त्यावर ती हसली नाही. रागावलीही नाही, त्याचंच वाईट वाटलं. एवढंच म्हणाली, "मग खरे आकडे कुठे आहेत? मला आत्ता हवेत. तहसीलदारांना नुसतं 'चूक आहे' सांगून ट्रक परत येणार नाहीत."

खरे आकडे कुठे आहेत हे मला ठाऊक होतं. वर्षानुवर्षं त्यांच्याच खाली बसून मी ताक पीत आलो होतो. मळीवर कुसुमअक्काचं घर. जैन शेतकरी बाई, पासष्टीची, नवऱ्यामागं एकटीनं ऊस आणि म्हशी सांभाळणारी. पाणी गाळून पिणारी आणि माणूसही गाळून घेणारी. तिच्या गोठ्याचा मधला सागवानी खांब. प्रत्येक पूर ओसरला की ती चिखलाची खूण बघून त्या खांबावर विळ्यानं खाच पाडायची. पुलाची पट्टी बसवताना आम्ही त्या गोठ्यात पातळी जुळवायची दुर्बीण लावून मोजलं होतं, म्हणून मला पक्कं ठाऊक होतं: गोठ्याची जमीन म्हणजे बरोबर सात मीटर. धोक्याची रेघ. त्या खांबावर पहिल्या पुरानंतरची एक जरी खाच असेल, तर माझी वही खोटी.

खांबावर तशा सहा खाचा होत्या.

मी मोटरसायकलवरून गेलो तेव्हा अक्का निवांत वैरण टाकत होती. "आवं शिंदे सायब, एवढ्या पावसात? बसा, ताक आणते."

"अक्का, ताक नको. पाणी येणार आहे. मोठं येणार आहे."

"फोनवर तर आलंय की, धोका न्हाई म्हणून. सरकार कशाला खोटं सांगंल?"

"ते खोटं मी सांगितलंय, अक्का."

तिला काही कळलं नाही. सांगत बसायला वेळ नव्हता. मी टेप काढली, फोन स्पीकरवर टाकला आणि अक्काला म्हणालो, एकेक खाच कुठल्या सालची ते सांगा. तिला साल ठाऊक नव्हतं, पण म्हैस कधी व्याली, कोणाचं लग्न कधी झालं, हे दिवसासकट ठाऊक होतं; त्यावरून साल आम्ही लावत होतो. पुण्यात मॅडमच्या समोर माझी वही उघडी होती.

"ही रानीला पहिली रेडी झाली तवाची," अक्का म्हणाली.

मी मोजलं. "सात मीटर पंचावन्न."

फोनमधून मॅडमचा आवाज आला, "वहीत सहा ब्याण्णव."

"ही थोरल्याच्या लग्नाच्या सालची."

"सात मीटर नव्वद."

"वहीत सहा नव्वद."

तिसरी. चौथी. मी खरं सांगायचं आणि तिनं माझं खोटं वाचायचं. चौथ्या खाचेपर्यंत अक्काला उलगडलं. वैरणीची पेंढी तशीच हातात धरून ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "ह्याच साली माझी दोन वासरं व्हावून गेली. पंचनाम्याला मानूस आला, कागद बघून म्हनला, नदी रेघंच्या खालीच व्हती, तुमचं नुसकान कसं हुईल? मला खोटी म्हनून गेला त्यो. त्यो कागद तुमचा व्हता व्हय?"

मी पाचवी खाच मोजली. दुसरं काय करणार? मला माझीच लाज वाटत होती, इतकी की वर बघवेना.

सहावी झाली. मॅडम म्हणाली, "थांबा, परत चालवते." अर्ध्या-पाऊण तासानं फोन आला: आठ मीटर सत्तर. म्हणजे मी उभा होतो त्या गोठ्यात माझं डोकं तेवढं पाण्यावर राहिलं असतं, तेही टाचा उंचावून.

तहसीलदारसाहेबांनी विचारलं, कुठल्या आधारावर? ती पोरगी म्हणाली, माझ्या जबाबदारीवर. मी बत्तीस वर्षांत हे वाक्य सरकारी फोनवर ऐकलं नव्हतं. दोन ट्रक माघारी वळले.

इकडं मी दारोदार सांगत फिरलो, तर लोक हसायला लागले. "बाराला धोका न्हाई, तीनला धोका हाय! सायब, पाचला काय हाय ते बी आत्ताच सांगून टाका गड्या." त्यांचं काय चुकलं? शेवटी कुसुमअक्का डोक्यावर बोचकं घेऊन रस्त्यावर आली आणि ओरडली, "ह्यो मानूस आज खरं बोलतोय, म्या सोता बघितलंय! उठा समदी!" वस्ती उठली. माझ्या शब्दावर नाही, तिच्या.

दिवस मावळायच्या आत सगळी माणसं टेकावरच्या शाळेत पोचली. पोरंसोरं, म्हातारीकोतारी, एकही मागं राहिलं नाही. ट्रकची शेवटची खेप जनावरांसाठी होती. ती यायच्या आधी रस्ता बुडाला. फार नाही, एक तास आधी बुडाला. अक्कानं तीन म्हशींची दावी आधीच कापून ठेवली होती. दोघी दुसऱ्या दिवशी टेकाच्या पायथ्याला सापडल्या. चंद्री सापडली नाही.

पाणी आठ मीटर सत्तरला गेलं नाही. आठ पासष्टला थांबलं. मॅडमला ही पाच सेंटिमीटरची चूक अजून खुपते. मी तिला म्हणालो, माझ्या चुकीपुढं ती कुठं बसते बघा.

पाणी उतरल्यावर मळीवर गेलो, तर गोठा नव्हता. खांबही नव्हता. मुळासकट गेला होता, खड्ड्यात नुसता गाळ. आणि बत्तीस वर्षं मोजमाप करणाऱ्या ह्या शहाण्याला, त्या दिवशी हातात फोन असून, खाचांचा एक फोटो काढायचं सुचलं नव्हतं.

मी लेखी कबुली दिली. खात्यात खळबळ माजेल असं मला वाटलं होतं. खात्याला माझ्याहून अक्कल जास्त. उत्तर आलं, की नोंद दुरुस्त करायची तर मूळ खुणेची प्रत्यक्ष तपासणी आवश्यक आहे. खूण उपलब्ध नसल्यामुळं पूर्वीची नोंद कायम समजण्यात यावी. मॅडमनं माझ्या आकड्यांपुढं 'संशयास्पद' असा शेरा मारला होता. तो शेरा समितीनं काढला, कारण ज्या नोंदीला प्रशस्तिपत्रक मिळालंय ती संशयास्पद कशी असेल? ती अजून भांडते आहे. देव तिचं भलं करो.

निरोप समारंभात शाल, श्रीफळ आणि 'अखंड नोंद' यावर तीन भाषणं झाली. मी उठून सांगितलं, की पहिला पूर सोडला तर पुरातली एकही नोंद खरी नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्ष म्हणाले, ही विनयशीलता आता दुर्मिळ झाली आहे.

खात्याचं ते उत्तर घेऊन मी अक्काकडं गेलो. न जाऊन कसं चाललं असतं? नवा गोठा उभा राहत होता, या वेळी सिमेंटच्या खांबांचा. मी उभ्यानंच तिला कागद वाचून दाखवला. तिनं सगळा ऐकला, आत गेली आणि नेहमीसारखा ताकाचा तांब्या आणून माझ्या पुढं धरला.

"प्या," ती म्हणाली. "खांब गेला. चंद्री गेली. आता तुमचीच वही खरी."